गाण्याच्या अ‍ॅपवर स्वानंद किरकिरे शोधायला गेलो, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, अ‍ॅपचं नाव लिहिणार नाहीये. नाव लिहिलं की अर्धे लोक कंपनीची बाजू घेतात, अर्धे विरोधात जातात आणि मूळ मुद्दा बाजूलाच राहतो. फोनवर गाणी ऐकायची जी मोठी अ‍ॅप आहेत त्यातलंच एक, पैसे भरून घेतलेलं, त्यामुळे मधे जाहिराती नाहीत, गाणी डाउनलोड करून ठेवता येतात, गाडीत जोडलं की लगेच चालू होतं. आवाज चांगला आहे, अगदी हेडफोन लावून ऐकलं तरी तबल्याची शाई आणि किनार वेगळी कळते एवढा स्वच्छ. रेंज गेली तरी गाणं मधेच तुटत नाही. म्हणजे नुसती चालू गाणी ऐकायची, सकाळी भक्तीगीतं, संध्याकाळी किशोर, लग्नात डीजे, एवढंच करायचं असेल तर डोळे झाकून घ्या, पुढचं वाचायचीही गरज नाही.

माझं गाडं अडलं कारण मला एकाच माणसाचं काम पहिल्यापासून ओळीने ऐकायचं होतं. स्वानंद किरकिरे. आता यांची ओळख काय करून द्यायची, इंदूरच्या मराठी घरातले, आईवडील दोघंही शास्त्रीय गाणारे आणि कुमार गंधर्वांकडे शिकलेले, स्वतः दिल्लीच्या एनएसडीतून, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून, नाटक शिकून मुंबईत आले, दिग्दर्शक सुधीर मिश्रांकडे असिस्टंट म्हणून लागले आणि तिथून गीतकार पण झाले आणि गायक पण. लिहितो आणि गातो असा माणूस हिंदी सिनेमात फार नाही. म्हणून मुद्दाम यांनाच निवडलं, म्हटलं बघू अ‍ॅपला अशा माणसाचं काय करायचं ते कळतं का.

नाही कळत.

सर्चमध्ये नाव टाकलं की छान फोटो असलेलं पान उघडतं, खाली 'आर्टिस्ट' असं लिहिलेलं, मग लोकप्रिय गाणी. त्यात 'बावरा मन' आहे, 'ओ री चिरैया' आहे, 'ऑल इज वेल' आहे कारण सोनू निगम आणि शान यांच्याबरोबर ते त्यात गायलेत, 'मोंटा रे' आहे, 'नवराई माझी' आहे. बघणाऱ्याला वाटेल की हा एक गायक आहे, बरा आवाज आहे, अधूनमधून गातो, फार काही नाही. बाकीचं सगळं गायब. 'परिणीता'तलं 'पीयू बोले' नाही, 'पा'मधलं 'मुडी मुडी इत्तेफाक से' नाही, 'काय पो छे'मधलं 'मांझा' नाही. आणि कळस ऐका, ज्या दोन गाण्यांना या माणसाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला ती दोन्ही त्यांच्या पानावर नाहीत! 'लगे रहो मुन्नाभाई'मधलं 'बंदे में था दम' आणि 'थ्री इडियट्स'मधलं 'बहती हवा सा था वो'. पहिलं सोनू निगम, श्रेया घोषाल वगैरेंनी गायलंय आणि दुसरं शान आणि शंतनू मोइत्राने, म्हणून ती त्यांच्या त्यांच्या पानावर गेली, आणि ज्याला गीतकार म्हणून राष्ट्रीय मान मिळाला त्याच्या पानावर त्याचा पत्ताच नाही.

मी हे घरी तावातावाने सांगत होतो तर लेक म्हणाली, "बाबा, पण ते गाणं त्यांनी म्हटलंच नाहीये ना, मग त्यांच्या पानावर कसं येणार?" तिचं एका अर्थी बरोबर आहे, तिच्या पिढीला अ‍ॅपनेच गाणं ऐकायला शिकवलंय आणि अ‍ॅपच्या हिशोबात गाणं म्हणजे ज्याचा आवाज येतो त्याचं. मी म्हणालो, "अगं पण संगीतकार तरी कुठे गातो, त्याचं नाव बरं येतं." शंतनू मोइत्राच्या पानावर 'परिणीता'ची सगळी गाणी आहेत, अख्खा अल्बमच त्याच्या नावावर लागलाय. म्हणजे न गाणाऱ्याला पान द्यायची सोय अ‍ॅपमध्ये आहेच की. फक्त लिहिणाऱ्याला नाही. यावर लेकीने खांदे उडवले आणि हेडफोन घातले.

आता नाव अजिबातच नाही असं म्हणता येणार नाही. गाण्यासमोरचे तीन ठिपके दाबायचे, मग खाली खाली सरकत जायचं, तिथे क्रेडिट्स म्हणून एक ओळ असते, ती उघडली की कुठे 'लिरिसिस्ट' म्हणून नाव येतं, कुठे 'रायटर' म्हणून संगीतकार आणि गीतकार एकाच ढिगात, कुठे रकानाच रिकामा. आणि ते नाव नुसतं छापल्यासारखं, त्यावर बोट ठेवलं तर काही होत नाही. गायकाच्या नावावर बोट ठेवलं की त्याची सगळी गाणी समोर, इथे भिंत. वर आणखी गंमत म्हणजे आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन प्रकारे पडलंय त्यामुळे दोन वेगवेगळी पानं तयार झालीत आणि दुसऱ्या पानावर गाणी अगदी मोजकी. दुसऱ्या पानाला फोटोसुद्धा नाही.

आई आमची अजून सकाळी विविध भारती लावते. तिथे काय असतं, गाणं लागायच्या आधी निवेदक सांगतो, अमुक सिनेमातलं गीत, गायक हे, गीतकार हे, संगीतकार हे. तिन्ही नावं. १९५७ साली सुरू झालेल्या सरकारी रेडिओला जे जमतंय ते महिन्याला पैसे घेणाऱ्या अ‍ॅपला जमू नये म्हणजे काय. तसं म्हणायला गेलं तर नाव न देण्याची सवय या धंद्यात जुनीच आहे, 'महल'च्या वेळी १९४९ मध्ये 'आएगा आनेवाला'च्या रेकॉर्डवर लता मंगेशकरांचं नाव सुद्धा नव्हतं, सिनेमातल्या पात्राचं 'कामिनी' हे नाव छापलेलं. गायकांनी झगडून ते मिळवलं. गीतकार अजून ठिपक्यांच्या मागेच आहेत.

शेवटी मी हातानेच प्लेलिस्ट बनवली. एकेक सिनेमा आठवायचा, अल्बम उघडायचा, गाणं उचलायचं. वेळखाऊ काम, पण एक फायदा झाला, सगळं वर्षाच्या क्रमाने लावल्यावर या माणसाची कारकीर्द काय आहे ते पहिल्यांदा नीट कानावर पडलं. त्यामुळे पुढचा रिव्ह्यू थोडा अ‍ॅपचा आणि थोडा त्या गाण्यांचा, चालवून घ्या.

सुरुवात 'हजारों ख्वाहिशें ऐसी'ने. सिनेमा तयार झाला २००३ च्या सुमारास पण आपल्याकडे थिएटरला लागला २००५ मध्ये, सुधीर मिश्रांचा, आणीबाणीच्या काळातल्या तिघांची गोष्ट. त्यात 'बावरा मन' दोनदा आहे, एकदा शुभा मुद्गल यांच्या आवाजात आणि एकदा स्वतः स्वानंद यांच्या. अ‍ॅपला दोन्ही एकच वाटतात, एक लावलं की दुसरं 'आधीच यादीत आहे' म्हणून टाकायलाच देत नव्हतं, नाव जरा वेगळं असलेलं दुसऱ्या अल्बममधून शोधून टाकावं लागलं. पण लागोपाठ ऐका तुम्ही. शुभाताईंचं गाणं म्हणजे गळा तयार असलेल्या माणसाचं गाणं, भरीव, प्रत्येक स्वर जागेवर. स्वानंदचं ऐकताना असं वाटतं की हा गातो आहे हे त्याच्या लक्षातच नाहीये. थोडा खरखरीत, थोडा ओळीच्या शेवटी श्वास सोडून देणारा. आईवडील शास्त्रीय गाणारे असून मुलगा मुद्दाम ताना-मुरक्यांच्या वाटेला जात नाही, शब्द सरळ ठेवतो. मला विचाराल तर ही नाटकातली सवय आहे, स्टेजवर गाणं हे वाक्य म्हणून म्हणायचं असतं, मागच्या रांगेला शब्द कळला पाहिजे.

मग त्याच वर्षी 'परिणीता'. इथून गाडी खरी धावली. १९६२ चं कलकत्ता, शंतनू मोइत्राचं संगीत, आणि नवीन गीतकाराला एकदम अख्खा अल्बम. 'पीयू बोले' सगळ्यांना माहीत असतं, पण 'रात हमारी तो' ऐका, चित्रा यांच्याबरोबर स्वानंद स्वतः आहेत त्यात. चित्रांसारख्या बाईंच्या शेजारी उभं राहायचं म्हणजे गंमत नाही, आणि इथे त्यांनी हुशारी अशी केलीय की स्पर्धाच केली नाही, ते फक्त बाजूला असतात. अ‍ॅपवर हे गाणं त्यांच्या पानावर आहे, कारण गायलेत. त्याच अल्बममधलं 'कैसी पहेली जिंदगानी' नाही, कारण सुनिधीने गायलंय. एकाच महिन्यात एकाच वहीत लिहिलेली गाणी असतील ती, आणि अ‍ॅपने त्यांची फाळणी करून टाकली.

२००७ मध्ये 'खोया खोया चांद', पुन्हा सुधीर मिश्रा, पुन्हा शंतनू. सिनेमा पडला, गाणी मागे राहिली. 'क्यों खोए खोए चांद की' हे स्वानंदने गायलेलं गाणं माझ्या मते त्यांचं सगळ्यात चांगलं गायन आहे, 'बावरा मन'पेक्षाही, आणि हे मी भांडून सांगायला तयार आहे. उर्दू वळणाचे शब्द आहेत पण म्हणायची पद्धत अजिबात मैफिलीतली नाही. अ‍ॅपवर लोकप्रिय गाण्यांत हे दिसतच नाही, 'आणखी दाखवा' दाबून दाबून तळाला जावं लागतं.

'थ्री इडियट्स', 'सिंघम' वगैरेवर जास्त लिहीत नाही, सगळ्यांनी ऐकलंय. सिंघमला अजय-अतुलचं संगीत आहे आणि शब्द याच माणसाचे, हे मात्र आमच्या ऑफिसात कोणालाच माहीत नव्हतं. एकजण म्हणाला, "काय सांगतोस, तो बावरा मनवाला?" हो, तोच. आणि 'पा'मध्ये इलयाराजा, तिथली चाल दक्षिणेच्या वळणाची, तिच्यावर हिंदी शब्द बसवायचे आणि ते बसवल्यासारखे वाटू द्यायचे नाहीत, हे काम किती अवघड असेल ते 'मुडी मुडी' ऐकताना कळतं.

२०१२ वर मात्र थांबतो. एका वर्षात 'बर्फी', 'इंग्लिश विंग्लिश' आणि टीव्हीवर 'सत्यमेव जयते'. 'बर्फी'मध्ये 'आला बर्फी' मोहित चौहानने गायलंय आणि स्वानंदचंही एक वेगळं व्हर्जन आहे, माझं मत दुसऱ्याला. 'ओ री चिरैया' हे राम संपतच्या संगीतातलं, स्त्रीभ्रूणहत्येवरच्या पहिल्याच भागातलं, लिहिलेलंही यांनी आणि गायलेलंही यांनी. त्यावेळी रविवारी सकाळी घरात टीव्हीसमोर सगळे गप्प झाले होते. इथे लिहिणारा आणि गाणारा वेगळा असता तर हे जमलं असतं का, मला नाही वाटत. तयार गळ्याचा गायक त्यात करुण रस घालायला गेला असता. हा माणूस नुसता बोलतो, बापाने मुलीशी बोलावं तसं.

आणि 'इंग्लिश विंग्लिश'. दिग्दर्शिका गौरी शिंदे पुण्याच्या, सिनेमातली शशी गोडबोले पुण्याची, लाडू करणारी, आणि न्यूयॉर्कच्या लग्नात 'नवराई माझी' वाजतं. संगीत अमित त्रिवेदीचं. या गाण्याचे गायक अ‍ॅपवर बघितले तर सुनिधी चौहान, स्वानंद किरकिरे आणि मग तीन ठिपके, नाव मावत नाही म्हणून. ते उघडून बघा. त्यात नीलांबरी किरकिरे हे नाव आहे, स्वानंद यांची आई! मराठी लग्नातलं गाणं, मुलाने लिहिलं, मुलगा आणि आई दोघं त्यात गायले, आणि हे इतकं सुंदर प्रकरण अ‍ॅपने जागा पुरत नाही म्हणून कापून टाकलंय. नीलांबरीताईंच्या नावावर बोट ठेवलं तर पान उघडतं, त्यावर हेच एक गाणं. कुमारजींकडे शिकलेल्या बाई.

'लुटेरा'तलं 'मोंटा रे' हा तर अ‍ॅपसाठी पेपरातला अवघड प्रश्न म्हणायला हवा. २०१३ चं गाणं. गायलंय कोणी तर स्वानंद किरकिरे आणि अमिताभ भट्टाचार्य या दोघांनी. दोघेही गीतकार! शब्द अमिताभचे. म्हणजे एका गीतकाराने दुसऱ्या गीतकाराचे शब्द त्याच्याच सोबत गायलेत, आणि अ‍ॅपवर दोघं फक्त 'आर्टिस्ट'. कोणी काय केलं याचा पत्ता लागायचा नाही. बाकी लिहिणाऱ्याने गाण्याची परंपरा आपल्याकडे तशी जुनी आहे, आनंद बक्षींनी १९७२ च्या 'मोम की गुडिया'मध्ये लताबाईंबरोबर गायलंय, ते पण मुंबईला गायक व्हायची हौस घेऊनच आलेले. त्यांच्या पानावरही माझ्या अ‍ॅपमध्ये तेवढीच दोन-चार गाणी. आनंद बक्षी! ज्यांनी हजारोंनी गाणी लिहिली.

अ‍ॅपचे बाकीचे दोष पटापट सांगतो. वर्षं चुकीची आहेत, जुनं गाणं एखाद्या 'बेस्ट ऑफ'मध्ये परत आलं की त्या कलेक्शनचंच वर्ष लागतं, त्यामुळे 'तारखेप्रमाणे लावा' हे बटण निरुपयोगी. प्लेलिस्ट संपली की ते स्वतःच्या मनाने पुढचं लावतं, 'बावरा मन'नंतर मला पावसाचा आवाज घातलेलं, अर्ध्या वेगाचं कुठलंसं रडकं गाणं लावलं, मूड ओळखला म्हणे. ते सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. आणि गाण्याबरोबर शब्द पुढे सरकत दिसतात ती सोय लोकांना फार आवडते, मलाही आवडायची, पण सगळं इंग्रजी लिपीत, त्यात चुका, आणि सगळ्यात मोठा विनोद म्हणजे ओळीमागून ओळ शब्दच दाखवणाऱ्या त्या अख्ख्या स्क्रीनवर शब्द कोणाचे आहेत ते कुठेही लिहिलेलं नाही. खाली शब्द पुरवणाऱ्या कंपनीचं नाव मात्र आहे.

कोणी म्हणेल नावाने काय फरक पडतो, पैसे मिळाले म्हणजे झालं. २०१२ मध्येच कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि त्यांनी त्यासाठी बराच जोर लावला होता. त्यानुसार थिएटरात सिनेमा दाखवणं सोडून गाण्याच्या इतर वापरावर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा वाटा मिळायला हवा, तो हक्क निर्मात्याला लिहून देऊन टाकता येत नाही. चांगलंच झालं. पण ज्या गाण्याच्या रकान्यात गीतकाराचं नावच रिकामं आहे त्या गाण्याचा हिशोब करणाऱ्याला तरी सोपं कसं जाणार, हा साधा प्रश्न आहे. आणि ऐकणाऱ्याचं वेगळंच नुकसान. मला गायक आवडला तर अ‍ॅप मला त्याची शंभर गाणी देतं. मला एखाद्या गाण्याचे शब्द आवडले तर मी कुठे जायचं? त्याला दारच नाही.

अ‍ॅक्टिंगचं अ‍ॅपला विचारण्यात अर्थ नाही, पण 'चुंबक' हा मराठी सिनेमा आणि 'थ्री ऑफ अस' हा कोकणात घडणारा हिंदी सिनेमा जमला तर बघा. 'चुंबक'साठी त्यांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय. म्हणजे दोनदा गीतकार म्हणून आणि एकदा नट म्हणून, आणि अ‍ॅप म्हणतं गायक.

मार्क द्यायचे तर आवाजाला पाचपैकी साडेचार, गाण्यांच्या साठ्याला चार (मला हवं होतं त्यातलं जवळपास सगळं सापडलं, शोधावं लागलं एवढंच), सर्चला दोन, आणि गीतकाराच्या बाबतीत अर्धा, तो अर्धा तीन ठिपक्यांमागे का होईना नाव ठेवलंय म्हणून. कस्टमर केअरला सगळं सविस्तर लिहून कळवलं, उत्तर आलं की तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे आणि अ‍ॅप एकदा काढून परत टाकून बघा.

घ्यायचंच असेल तर वार्षिक प्लॅन घेऊ नका, महिन्याचा घ्या. कुटुंबाचा प्लॅन स्वस्त पडतो पण त्यात प्रत्येकाने वेगळं खातं उघडा, नाहीतर मुलांच्या गाण्यांनी तुमच्या शिफारशींची वाट लागते, आमची लागलीय. आणि एखादा गीतकार आवडत असेल तर 'आर्टिस्ट'चं पान उघडूच नका, सिनेमांची नावं कागदावर लिहून अल्बम शोधा आणि यादी स्वतः बनवा. स्वानंदपासून सुरुवात करणार असाल तर आधी 'क्यों खोए खोए चांद की' टाका, मग दोन्ही 'बावरा मन', मग 'फितूर'मधलं 'पश्मीना', आणि 'ऑल इज वेल' शेवटी टाका नाहीतर पोरं तेच परत परत लावतात.